‘बारा बंदरं’ विकताहेत म्हणे

पेरांबूर, चेन्नई
२० जानेवारी २०२६

श्रीदेवी,

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच बाजूला ठेवशील अशी भीती आहे. फोनवर तू मला बंद केलं आहेस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टात गेले. तंजावूरचा पत्ता अजून तोंडपाठ आहे. तुझ्या आईंची, अन्नपूर्णाबाईंची तब्येत विचारायचा मला हक्क आहे की नाही ठाऊक नाही. तरी विचारते.

लिहायचं कारण परवा रविवारी घडलं. श्रीपेरुंबुदूरला मोबाइलच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या सहा जणी वर्षभर दर रविवारी ‘बारा बंदरं’ खेळतात. तू आणि मी कॉलेजच्या कँटीनमध्ये पाठकोऱ्या कागदांवर रचलेला आपला खेळ, श्रीदेवी, कंपनीच्या बसमधून उतरून, अंघोळ करून, केस ओले असतानाच त्या खेळायला बसतात. महिन्यातून एकदा मी जाते आणि त्यांची नाखवा होऊन गोष्ट पुढे सांगते.

परवा गलबत हाकायची पाळी कनकाची होती, तांडेल ती. तेनकासीकडची मुलगी, वीस-बावीस वर्षांची. मी तिला सांगितलं, सहाव्या बंदरावरचा दिवा विझलाय, वारा जमिनीकडून येतोय आणि तुझ्या गलबतावर चार माणसं तापाने पडली आहेत, आता काय करशील? एरवी ती लगेच काहीतरी अचाट सांगते आणि फासे टाकते. परवा फासे मुठीत धरून बसून राहिली.

“अक्का,” ती म्हणाली, “त्याआधी एक विचारू? आपला खेळ विकताहेत म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“ग्रुपवर सगळेच. तुम्हाला ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. मी त्या खेळाच्या कंपनीत काम करते, खेळाच्या पुस्तकावर माझं नाव आहे, आणि मला हे एका शिफ्टवरून आलेल्या मुलीकडून कळलं. तिने फोन दाखवला. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर चारशेच्या वर निरोप होते. कुणी म्हणत होतं सिंगापूरची कंपनी घेते आहे, कुणी म्हणत होतं बंगळूरूची. एकाने शोधून काढलं होतं की ‘बारा बंदरं’ या नावाच्या नोंदणीत बदल करायचा अर्ज गेलाय. कोइम्बतूरच्या एका मुलाने लिहिलं होतं, दुसरा भाग डिसेंबरात येणार होता तो आला नाही, त्याचं कारण हेच. आणि कुणीतरी विचारलं होतं, विद्युलता मॅडम गप्प का आहेत?

मी मुलींना म्हटलं, अफवा आहे. खेळ पुढे नेला. पण कनकाने दोनदा विचारलं तरी वारा कुठून येतोय ते मला आठवेना.

तुला हे कळायला हवं असं वाटलं. खोक्यावर तुझं नाव छापायचं राहिलं, त्यावरून तू दुखावलीस. तो छापखान्याचा घोळ होता, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तो विषय आज काढत नाही.

विद्या


पेरांबूर
२७ जानेवारी

श्रीदेवी,

अफवा नव्हती.

बुधवारी मी ऑफिसात पोचले तेव्हा शरदचंद्र सर ग्रुपवर घालायचा मजकूर तयार करत होते. ‘या बातम्यांत काही तथ्य नाही.’ मी वाचून घातलासुद्धा. चार दिवस लोकांना तेच सांगत राहिले. शनिवारी सगळे गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. तू त्यांना एकदाच भेटली आहेस, म्हणून सांगते, आरडाओरडा करणारा माणूस नाही तो. ‘पनई’ ही कंपनी त्यांनी वडिलांच्या छापखान्यातून उभी केली, आम्ही सहा जण तिथे काम करतो आणि सहाही जणांच्या घरी काही असलं की ते येतात.

“विद्युलता, बस,” ते म्हणाले. “खरं आहे ते.”

मी उभीच राहिले.

“बंगळूरूचे लोक आहेत. मोबाइलवरचे खेळ करतात. मी अडुसष्ट वर्षांचा झालो. मुलगी परदेशातून येणार नाही. हे माझ्यामागे कोण बघणार?”

“आणि मजकूर? मी चार दिवस लोकांना खोटं सांगितलं.”

“सही होईपर्यंत बोलायचं नाही, अशी त्यांची अट होती. तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं.”

मग त्यांनी त्या लोकांचा आराखडा दाखवला. श्रीदेवी, मला तो अजून पचलेला नाही. त्यांना नाव हवंय, नकाशा हवाय आणि बंदरांची चित्रं हवीत. बाकी काही नको. समोरासमोर बसून खेळायचं नाही, नाखवा नाही, गोष्ट नाही. पडद्यावर बोटाने गलबत सरकवायचं आणि वाटेतली मोती-माणकं वेचायची. पुस्तकाची छपाई बंद. बारावं बंदर तर काढूनच टाकलंय. आपण एन्नोरला गेलो होतो, खाडीचं काळं पाणी बघितलं, त्या कोळणीने पदर झटकून वीजकेंद्राची राख दाखवली, आणि परतीच्या गाडीत तू वहीत लिहिलंस, ‘राखेचें बंदर. येथें कोणी मुक्काम करीत नाहीं, पण येथलीं माणसें जातहि नाहींत.’ त्या पानावर त्यांच्या कुणीतरी लाल शेरा मारलाय. ‘उदासवाणं. वगळावं.’

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी फक्त विचारलं, “आमची नोकरी?” लाज वाटते, पण तेच विचारलं.

आता सरांनी नेमलेल्या वकील येऊन सगळी जुनी कागदपत्रं तपासणार आहेत. कदाचित तुलाही काही विचारतील. नेहमीची पद्धत असते, त्यात विशेष काही नाही. तसा फोन आला तर मला आधी कळवशील का? माझा नंबर तोच आहे.

विद्या


पेरांबूर
३ फेब्रुवारी

श्रीदेवी,

तुझं उत्तर नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

वकिलांचं नाव वसंता. पन्नाशीच्या, शांत, खादीची साडी, पेन्सिलीने प्रत्येक पानावर बारीक टिंब करत जातात. काल दुपारी त्यांनी मला बोलावलं. समोर २०२१ सालचा करार होता. तू आणि मी मिळून ‘बारा बंदरं’चे सगळे हक्क ‘पनई’ला दिले, असा. खाली दोन सह्या.

“या श्रीदेवी कोण?” त्यांनी विचारलं.

“माझी मैत्रीण. सुरुवातीला तिची थोडी मदत झाली होती.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. तुझ्यापासून लपवत नाही.

“मदत करणाऱ्याची सही हक्कांच्या करारावर कशाला लागते?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “यात लिहिलंय, बंदरांच्या सगळ्या कथा त्यांच्या. मग पुस्तकावर त्यांचं नाव कसं नाही?”

मी म्हटलं, तिला नाव नको होतं. त्यांनी टिंब केलं. “ठीक आहे. यांच्याशी एकदा बोलून घेते. ही सही तुमची ना, एवढंच विचारायचं. उद्या फोन करीन.”

त्या खोलीतून बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले, तर आमच्या हिशोबनीस बाईंना वाटलं चक्कर आली.

तू असा करार बघितलेला नाहीस, हे मला माहीत आहे. पण श्रीदेवी, त्या वेळची सगळी घाई तुला आठवते. तुझी आई आजारी, इकडे छपाई अडलेली. त्यातून कागदोपत्री काही पुढेमागे झालं असेल. फोन आला तर तू फक्त हो म्हण. एवढंच. सहा माणसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे. नंतर तू म्हणशील तिथे तुझं नाव घालायला लावीन, पहिलं घालायला लावीन. मी स्वतः तंजावूरला येऊन सगळं समजावून सांगेन.

फक्त हो म्हण.

विद्या


पेरांबूर
९ फेब्रुवारी

श्रीदेवी,

मागचं पत्र तू वाचलं असशील. ते टाकून परत येताना पोस्टापासून आमच्या गल्लीपर्यंत चालले आणि मला कळेना की हे लिहिणारी बाई कोण. आता जे लिहिते ते आज सकाळी वसंतांना आणि शरदचंद्र सरांना सांगून झालेलं आहे, त्यामुळे यात काही मागणं नाही.

करारावरची तुझी सही मी केली.

२०२१चा फेब्रुवारी. तू आईला घेऊन तंजावूरच्या हॉस्पिटलात होतीस. सरांना दोघींच्या सह्या हव्या होत्या, पुस्तक-प्रदर्शनाच्या आधी छापायचं होतं. मी बाहेर जाऊन तुला फोन केला. तू म्हणालीस, “आतां नको विद्या. आणि कंपनीला तर नकोच. आईनें सांगितलेल्या गोष्टी आहेत त्या, तिला विचारल्यावांचून मी कशी देऊं?” मी बरं म्हटलं. आत गेले आणि सरांना सांगितलं, ती हो म्हणाली, कागद पाठवून सही आणते.

कागद घरी नेला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून जुन्या वहीच्या पानावर तुझी सही वीस-पंचवीस वेळा गिरवली. तू तमिळमध्ये सही करतेस. ती अक्षरं मला तूच शिकवलीस, पहिल्या वर्षाला, बसच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून. मग करारावर केली. चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवून, पोस्टाने आल्यासारखी घडी घालून, सरांना दिली.

तुला वाटेल की मी विचार केला असेल, रडले असेन. तसं काही झालं नाही. वाटलं, नंतर ती हो म्हणेलच. दहा वर्षं आपण त्या खेळावर घालवली होती, कोवलमला जाऊन कोळ्यांकडून होडीच्या फळ्यांची नावं लिहून घेतली होती, आणि आता ते पुस्तक होणार होतं. मला ते हातात धरायचं होतं.

आणखी एक. छापखान्याचा घोळ झाला नव्हता. मुखपृष्ठाच्या मसुद्यावर तुझं नाव होतं, माझ्या आधी. ते मी काढायला लावलं. सरांना सांगितलं, तिला नाव नको आहे. नाव असतं तर कुणीतरी तुला गाठलं असतं, मुलाखत मागितली असती, आणि करार निघाला असता. मग तुझा फोन आला तेव्हा मी छापखान्यावर ढकललं. त्यानंतर तू मोकळी अशी बोललीच नाहीस. पाच वर्षं मी लोकांना सांगत आले की श्रीदेवी फार हळवी, नावावरून रुसली.

आज सकाळी दहाला मी वसंतांच्या टेबलापाशी गेले. सर तिथेच होते. मी सांगितलं तसं दोघांनी ऐकलं. वसंतांनी पेन्सिल खाली ठेवली. सर म्हणाले, “तुझे वडील गेले तेव्हा मी चार दिवस तुझ्या घरी होतो, विद्युलता.” उठून खिडकीशी गेले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं.

मी वसंतांना विचारलं, श्रीदेवी फोनवर काय म्हणाली? त्या म्हणाल्या, “काही नाही. आठ दिवस मागून घेतले. कशासाठी ते सांगितलं नाही.”

आठ दिवस. तू लगेच नाही म्हणू शकली असतीस. मला समजत नाही. मी तिथे उभी होते आणि मला ते समजत नव्हतं.

विक्री तिथल्या तिथे थांबली आहे. बंगळूरूला दुपारी कळवलं. मी राजीनामा दिला, सरांनी न वाचता घेतला. वसंता म्हणाल्या, हा फसवणुकीचा गुन्हा होतो, तक्रार करायची की नाही ते श्रीदेवी ठरवतील. तेच बरोबर आहे. तू करशील त्याला माझी तयारी आहे. ऑफिसातल्या पाच जणांना मीच सांगितलं. हिशोबनीस बाईंनी माझा डबा माझ्या पिशवीत आणून ठेवला.

विद्युलता


तंजावूर
१४ फेब्रुवारी २०२६

विद्या,

तुझीं चारी पत्रें पावलीं. देवनागरी लिहायची माझी संवय गेली आहे, घरांत बोलतों ती मराठी तमिळ अक्षरांतच लिहितों, म्हणून चुका असतील. पण तूं मला शिकवलेल्या लिपींतच तुला लिहावें असें वाटलें.

मला ठाऊक होतें.

खोक्यावर नांव नाहीं म्हणून मीं तुला फोन केला, तूं छापखाना सांगितलास. मीं तें खरें मानलें. मग ‘पनई’ला एक साधें पत्र टाकलें, पुढच्या छपाईंत दुरुस्ती करा म्हणून. तिथल्या कुणा कारकुनानें उत्तरांत करारनाम्याची प्रत धाडली. वर लिहिलें, आपल्याच संमतीनें सर्व झालें आहे. मे महिना होता. आई नुकती बसूं लागली होती. मीं तिच्या पलंगाशीं उभी राहून तो कागद उघडला.

माझी सही कुणी करील तर कशी करील, तें मला सांगतां येत नाहीं. पण तूं कशी करशील तें मला ठाऊक आहे. तमिळमधला ‘दे’ काढतांना तूं तें पुढचें वळण खालून वर नेतेस. दहा वर्षें तुला सांगितलें, वरून खालीं, वरून खालीं. तूं हसायचीस. मीं तें वळण पाहिलें आणि खुर्ची ओढून बसलें. आई विचारत होती, कुणाचें पत्र?

नांवावरून मी कधींच रुसलें नव्हतें. तूं सांगशील म्हणून वाट पाहिली. एक महिना, मग दिवाळी, मग वर्ष. मग तुझा नंबर बंद केला, कारण तो वाजला कीं मला वाटे आतां सांगेल, आणि तूं पोंगलच्या शुभेच्छा देत होतीस.

वसंताबाईंचा फोन आला तेव्हां माझें उत्तर तयार होतें. आठ दिवस मागितले ते तुझ्याकरतां. माझें बोलणें त्यांच्या कानीं पडायच्या आधीं तुझें माझ्याकडे येतें कीं नाहीं, एवढेंच पाहायचें होतें. तुझें तिसरें पत्र आलें, ‘फक्त हो म्हण’, तेव्हां मीं आशा सोडली. बाराव्या तारखेला सकाळीं मीं त्यांना फोन करून सही माझी नाहीं म्हणून सांगितलें. त्या म्हणाल्या, विद्युलतांनीं सोमवारींच येऊन सांगितलें आहे. मी शाळेंत, माझ्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यांत होतें. आंत पोरें गोंगाट करीत होतीं, मला आंत जाववेना. दुपारीं पोस्टमन तुझें चौथें पत्र देऊन गेला.

मी तक्रार करणार नाहीं. हें माफ केलें असें समजूं नकोस. माफ करतां येईल कीं नाहीं तें मला आज ठाऊक नाहीं, आणि ठाऊक झाल्याशिवाय बोलणार नाहीं. आईला सगळें सांगितलें. पांच वर्षें ती विचारत होती, ती विद्या येत कां नाहीं, मी सबबी सांगत होतें. आतां ती म्हणते, तिला घरांत घेऊं नको.

शरदचंद्रांचा फोन आला होता. ते माझी माफी मागत होते, मला तें ऐकवेना. बंगळूरूच्या लोकांनीं माघार घेतली. शरदचंद्रांनीं मला विचारलें, पुस्तक छापायचें थांबवूं काय? मीं म्हटलें, नको. श्रीपेरुंबुदूरच्या त्या पोरींनीं काय केलें आहे कीं त्यांचा खेळ काढून घ्यावा? दोघींच्या नांवांनीं छापा. बारावें बंदर ठेवा. आईच्या गोष्टी आहेत असें पहिल्या पानावर लिहा. आईनें रुकार दिला आहे, मात्र एका रात्रीचा विचार करून.

जुना करार रद्द करून नवा करायचा आहे. त्यासाठीं वसंताबाई २८ तारखेला, शनिवारीं, इथें येतील. आईमुळें घरीं नको, म्हणून माझ्या शाळेंत बोलावलें आहे. मोठ्या फाटकांतून आलें कीं डाव्या हाताला ऑफिस. अकरा वाजतां.

तूंहि ये. तुझी सही तूं कर. माझी मी करीन.

श्रीदेवी